घरपट्टींतील सूट : कृपा कीं हक्क?

घरपट्टीचें बिल हातीं पडलें म्हणजे गृहस्थ आधीं तळचा आंकडा पाहतो, मग मागल्या सालचा आंकडा आठवतो, आणि दोहोंमधील अंतर ध्यानांत आलें कीं कपाळाला आठी घालून तें बिल तारेंत टोंचून ठेवतो. मधल्या रकान्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक पाहतां त्या रकान्यांत आपल्या नागरिक जीवनाचा दीडदोनशें वर्षांचा इतिहास एकाखालीं एक मांडलेला असतो. सर्वसाधारण कर आणि सफाईपट्टी हीं इंग्रजी अमदानींतील नगरव्यवस्थेचीं अपत्यें. शिक्षणकर १९६२ च्या कायद्याचा, तर वृक्षकर १९७५ च्या कायद्याचा. ज्यास आपल्या शहराचा इतिहास एका कागदावर वाचावयाचा असेल त्यानें घरपट्टीचें बिल वाचावें.

आमच्या सोलापुरांत घरपट्टीविषयीं जें बोलणें चालतें त्याचा सूर बहुधा एकच असतो : कर फार झाला, आणि तो माफ व्हावा. कर फार झाला कीं नाहीं हा हिशेबाचा प्रश्न आहे. परंतु ‘माफ व्हावा’ ह्या शब्दांत एक जुनी मनोवृत्ति दडलेली आहे, आणि तिचाच शोध प्रस्तुत लेखांत घ्यावा असा आमचा हेतु आहे. करांतून मिळणारी सूट ही धन्यानें खुशीनें द्यावयाची देणगी आहे, कीं नियमानें मागून घ्यावयाचा हक्क आहे? इतिहासांत तिचीं हीं दोन्ही रूपें आढळतात. आणि आज आपण कोणत्या रूपाशीं व्यवहार करीत आहों हें न समजल्यामुळें गृहस्थाचेंही नुकसान होतें व शहराचेंही.

आपल्या जुन्या राजनीतींत करमुक्तीला ‘परिहार’ अशी संज्ञा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नवा तलाव किंवा बांध घालणारास पांच वर्षांचा, मोडून पडलेला दुरुस्त करणारास चार वर्षांचा, आणि झाडोऱ्यानें व्यापलेला मोकळा करणारास तीन वर्षांचा परिहार सांगितला आहे. येथें सूट ही दया नसून एक प्रकारचा करार आहे. प्रजेनें कांहीं नवें निर्माण करावें व राजानें त्याचें फळ कांहीं काळ तिच्याच पदरीं राहूं द्यावें, असा तो व्यवहार होय. मराठेशाहींतही हीच रीत चालू होती. नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे शेटे-महाजनांस कौल देत. पेठेंत येऊन घर बांधणारास ठरावीक वर्षें कर माफ असे, व मुदत सरल्यावर आकार हळूहळू वाढवीत पूर्ण दरास आणीत. ह्या चढत्या आकारणीस ‘इस्तावा’ म्हणत. पडीत जमीन लागवडीस आणण्याकरितां जें धोरण, तेंच पडीत माळावर शहर वसविण्याकरितां वापरलें जाई.

परंतु त्याच राज्यांत दुसऱ्या प्रकारची सूटही होती, आणि ती जन्मानें व वतनानें मिळे. घरपट्टी सर्वत्र सारख्या रीतीनें बसत नसे. अनेक ठिकाणीं ब्राह्मणांस व गांवच्या वतनदारांस ती माफ असे. उलट उदमी व कारागीर ह्यांच्यावर मोहतर्फा बसे. कोष्ट्याच्या घरांत जितके माग, त्या मानानें पट्टी, असा प्रकार कित्येक गांवीं होता. म्हणजे ज्याच्या घरांत हात चालत होते त्यानें कर द्यावा, आणि ज्याच्या घरांत मान नांदत होता त्यानें न द्यावा. कौलाची सूट कर्तृत्वाची होती. वतनाची सूट दर्जाची होती. दोहोंचा उगम मात्र एकच, तो म्हणजे धन्याची मर्जी. सरकारनें सूट दिली तर ती मिळे. न दिली तर मागावयास कचेरी नव्हती.

१८१८ च्या मे महिन्यांत मन्रोनें सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला आणि हा प्रांत कंपनी सरकारच्या हाताखालीं गेला. नव्या सरकारनें जुन्या पट्ट्या प्रथम तशाच चालविल्या. पुढें १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती, मोहतर्फा, बलुतेंपट्टी व धंद्यांवरील नाना प्रकारचे कर एकदम रद्द झाले. सोलापूरसारख्या विणकरांच्या गांवीं ह्या एका कायद्याचें महत्त्व किती असेल हें सांगावयास नको. मागावरची पट्टी गेली. पण गटारें, दिवे, रस्ते व पाणी ह्यांचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न तसाच राहिला. आणि जुन्या पट्टीच्या जागीं नवी आणतांना सरकारला जपून पाऊल टाकावें लागलें.

जपून टाकण्याचें कारण काशीस घडलें होतें. १८१० च्या पंधराव्या रेग्युलेशनानें कंपनी सरकारनें तिकडील शहरांत घरांवर कर बसविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काशीच्या लोकांनीं दुकानें बंद केलीं, कामधंदा सोडला, आणि सर्व जातींचे लोक घरें टाकून शहराबाहेर मैदानांत धरणें धरून बसले. घर ही वडिलोपार्जित, देवधर्माची जागा. तिच्यावर कर कशाचा, असा त्यांचा सवाल होता. सरकारनें आधीं ताठा धरला, पण अखेर तो कर मागें घ्यावा लागला. पुढें १८१६ सालीं बरेलीस चौकीदारीच्या करावरून दंगा होऊन रक्तपात झाला. कर थोडा असला तरी तो ठरवितांना ज्याच्यावर बसावयाचा त्याला विचारलें नाहीं, हें दोन्ही ठिकाणच्या क्षोभाचें मूळ होतें.

ह्या अनुभवांतून १८५० चा सव्विसावा कायदा निघाला. शहरच्या रहिवाशांची इच्छा दिसली तरच तेथें नगरपालिका स्थापन करावी, आणि कोणता कर घ्यावयाचा हेंही स्थानिक परिस्थिति पाहून ठरवावें, असा त्याचा रोख होता. ह्या कायद्याचा लाभ घेणाऱ्या पहिल्या शहरांपैकीं सोलापूर एक होय; येथील नगरपालिका १८५२ सालची. तेव्हां ना रेल्वे आली होती, ना गिरणीचें धुराडें उभें राहिलें होतें. रेल्वे १८६० सालीं आली, आणि ‘जुनी गिरणी’ ह्या नांवानें ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७० नंतरच्या दशकांतली.

मात्र स्वेच्छेनें कर निवडावयास सांगितल्यावर मुंबई इलाख्यांतील बहुतेक शहरांनीं घरपट्टीऐवजीं जकातीकडे धांव घेतली. कारण उघड आहे. जकात वेशीवर गाडीवाल्याकडून घेतली जाते, ती मालाच्या किंमतींत मिसळते, आणि अखेर कोणी किती दिली हें कोणासच कळत नाहीं. घरपट्टी मात्र नांवानिशीं येते. जकात देणारास आपण कर देतों हें समजत नाहीं, म्हणून तो हिशेबही विचारीत नाहीं; घरपट्टी देणारास तें समजतें, म्हणून तो चिडतो, व चिडला म्हणजे कधीं कधीं हिशेबही विचारतो. नगरांच्या स्वराज्याच्या दृष्टीनें हा भेद फार महत्त्वाचा आहे.

आतां हिशेब विचारावयाचा तर माप ठाऊक पाहिजे. घराची आकारणी कोणत्या मापानें करावयाची? इंग्लंडांत ह्याबाबत दोन प्रयोग झाले. १६९६ सालीं तेथें खिडक्यांवर कर बसला. खिडक्या मोजावयास घरांत शिरावें लागत नाहीं, म्हणून सरकारला तो सोपा वाटला. आणि खिडकी बुजविली कीं कर चुकतो, म्हणून लोकांनीं विटा रचून खिडक्या बुजविल्या. गरिबांच्या चाळींतून उजेड व वारा हद्दपार झाला, आणि १८५१ पर्यंत हा प्रकार चालला. चुकीच्या मापानें बसविलेला कर माणसाला चुकीचें घर बांधावयास लावतो, हा धडा त्यांतून मिळाला.

दुसरा प्रयोग अधिक शहाणपणाचा होता. एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशमधील गरिबांच्या पोषणाचा खर्च तेथील घरा-जमिनीच्या धारकांवर बसविला होता. त्याची वांटणी करतां करतां न्यायालयांनीं एक युक्तीचें माप घडविलें, व १८३६ च्या कायद्यांत तें शब्दबद्ध झालें : हें घर वर्षाच्या कराराने भाड्यानें द्यावयाचें ठरविल्यास वाजवी भाडें किती यावें? त्यांतून दुरुस्ती वगैरे खर्च वजा केला कीं कराचा पाया मिळाला. घरांत मालक स्वतः राहत असो वा नसो, कायद्यानें तेथें एक काल्पनिक भाडेकरू कल्पावयाचा आणि त्याच्या खिशाकडे पाहून कर ठरवावयाचा. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत हाच भाडेकरू आला, आणि १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याच्या द्वारें तो पुढें आमच्या सोलापुरांतही राहावयास आला. सोलापूरच्या प्रत्येक घरांत, मग तें पांच मजली असो कीं पत्र्याचें, असा एक अदृश्य भाडेकरू राहतो, आणि घरपट्टी त्याच्या नांवानें मालकाला भरावी लागते.

माप आलें, पण तें लावणाऱ्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न प्रथम मुंबईनें सोडविला. १८६५ च्या कायद्यानें तेथें म्युनिसिपल कमिशनर नेमण्यांत आला, व आर्थर क्रॉफर्डनें त्या पदावरून शहराचें रूप पालटलें. रस्ते, बाजार, गटारें हीं कामें झालीं. त्याबरोबर खर्चही हाताबाहेर गेला आणि घरमालकांवरील बोजा चढत गेला. १८७१ सालीं करदात्यांनीं मोठी चळवळ केली. तींत नवरोजी फर्दुनजी होते, तरुण फिरोजशहा मेहता होते. परिणामीं १८७२ चा कायदा झाला व महापालिकेचे अर्धे सभासद करदात्यांनीं निवडून द्यावे असें ठरलें. कर कमी व्हावा म्हणून सुरू झालेल्या चळवळीचें फळ मतदानाच्या हक्काच्या रूपानें मिळालें, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. १८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपननें स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या जिल्हा नगरपालिकांच्या कायद्यांत त्याचें प्रतिबिंब उमटलें. आणि १९०१ व १९२५ च्या कायद्यांनीं ती घडी अधिक पक्की झाली.

त्या नगरपालिकांची एक पद्धत आज आवर्जून सांगण्याजोगी आहे. आकारणीची यादी लोकांस पाहावयास ठेवीत, हरकती मागवीत, आणि त्या हरकती सभासदांचीच कमिटी ऐके. ज्यास आपण मत दिलें तोच समोर बसून आपल्या घराचें भाडें वाजवी ठरलें कीं नाहीं हें पाही. ह्या पद्धतींत भिडेला जागा होती, हें खरें. मत देण्याचा अधिकारही कर भरणाऱ्या मूठभरांचाच होता. भाडेकरू, गिरणी-कामगार व बहुसंख्य स्त्रिया त्याबाहेर होत्या, हेंही तितकेंच खरें. तरीपण अशाच मर्यादित संस्थेनें १९३० च्या एप्रिलांत आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविला, आणि पुढच्याच महिन्यांत सोलापूरनें लष्करी कायदा भोगला. आपल्या पट्टीवर चालणारी संस्था आपली आहे ही भावना ज्या गांवांत रुजते, त्या गांवालाच असलें धैर्य सुचतें.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आलें, ही मोठीच प्रगति झाली. १९६४ सालीं सोलापूरची महानगरपालिका झाली आणि १९४९ चा कायदा येथें लागू झाला. ह्या कायद्यानें आकारणीविरुद्धची तक्रार ऐकण्याचें काम आयुक्ताकडे दिलें. मत देणें आणि कराचा हिशेब मागणें ह्या दोन गोष्टींची पूर्वीची गांठ तेथें सुटली. कराचे दर ठरवणें अर्थात् सभागृहाकडेच राहिलें. परंतु मार्च २०२२ मध्यें सभागृहाची मुदत संपून निवडणूक लांबली, तेव्हां तेंही काम प्रशासकाकडे गेलें.

आतां हा कायदा प्रत्यक्षांत कसा चालतो तें पाहूं. समजा, शहराच्या पूर्व भागांतील एका राहत्या घराला महिना २,००० रुपये वाजवी भाडें येईल असें ठरलें. वर्षाचे २४,००० रुपये झाले. दुरुस्ती वगैरेबद्दल कायद्यानें दहा टक्के, म्हणजे २,४०० रुपये, वजा होतात; राहिले २१,६००. हें करयोग्य मूल्य. सर्वसाधारण कर बारा टक्के धरला तर तो २,५९२ रुपये होतो. आतां मोजणी करणाऱ्यानें गच्चीवरील पत्र्याची शेड पक्की खोली म्हणून धरली, किंवा राहत्या खोलींत माग चालतो असें समजून ती निवासी नसलेली अशी लिहिली, आणि भाडें २,००० च्या जागीं ३,००० कल्पिलें, तर करयोग्य मूल्य ३२,४०० व कर ३,८८८ रुपये होतो. फरक वर्षाला १,२९६ रुपयांचा. आकारणीचें नवें पुस्तक निदान चार वर्षांनीं तयार झालें पाहिजे असा नियम आहे. तोंवर जुनेंच पुस्तक पुढें चालूं शकतें. म्हणजे एका शेडची चूक चार वर्षांत ५,१८४ रुपयांस पडते, आणि इतर पट्ट्या त्याच मूल्यावर बसत असल्यामुळें खरें नुकसान ह्याहून अधिक असतें.

ह्यावर उपाय आहे. पुस्तक तयार झाल्यावर जाहीर नोटीस निघते, कोणाही मालकास तें पाहतां येतें. नवी आकारणी झाली असेल किंवा मूल्य वाढविलें असेल तर मालकास स्वतंत्र लेखी नोटीस मिळावी लागते. नोटिशींत दिलेल्या मुदतींत लेखी तक्रार करावयाची, सुनावणीस हजर राहावयाचें, आणि निकाल मान्य नसल्यास कायद्याच्या ४०६ व्या कलमाखालीं पंधरा दिवसांच्या आंत न्यायाधीशाकडे अपील करावयाचें. अपिलापूर्वीं मागितलेली रक्कम भरावी लागते, आणि आधीं तक्रार केली नसेल तर अपील चालतच नाहीं. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर पहिली पायरी चुकली कीं वरच्या सर्व पायऱ्या नाहींशा होतात. बिल आल्यावर संताप करणारा गृहस्थ बहुधा नोटीस आली तेव्हां स्वस्थ बसलेला असतो.

काल्पनिक भाडेकरूवरून आणखी एक विचार सुचतो. भाडें बाजारावर अवलंबून असतें, आणि बाजार चढतो तसा पडतोही. १९४९ च्या ऑगस्टांत जुनी गिरणी बंद पडली. हजारों कामगार उघड्यावर आले, आणि १९५० च्या जानेवारींत केंद्र सरकारला वटहुकूम काढून ती ताब्यांत घ्यावी लागली. त्या वटहुकुमाचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्याच वर्षीं त्याच्यापुढें गेला. ज्या पेठेंतील भाडेकरूचा पगारच बुडाला, त्या पेठेंतील घराचें वाजवी भाडें पूर्वीइतकें कसें राहावें? कायद्याच्या तत्त्वाप्रमाणें तेंही उतरलें पाहिजे. परंतु वाढलेलें भाडें महापालिका शोधून काढते. उतरलेलें भाडें मालकानेंच दाखवून द्यावें लागतें. गिरण्या एकामागून एक बंद पडलेल्या शहरांत ह्या एका वाक्याचा अर्थ फार मोठा आहे.

उलट दिशेचीही विषमता आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठवलीं. कायद्यानें जें भाडें घेतां येत नाहीं तें ‘वाजवी’ कसें म्हणतां येईल, असा प्रश्न कलकत्त्याच्या एका खटल्यांत निघाला, आणि १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रमाणभाड्याहून अधिक मूल्य धरतां येणार नाहीं असा निर्णय दिला. पुढें १९७९ अखेर दिल्लीच्या प्रकरणांत हें तत्त्व अधिक विस्तारलें. न्यायदृष्ट्या तें बरोबरच होतें. परिणाम मात्र असा झाला कीं भर बाजारांतील जुन्या वाड्याचा कर किरकोळ राहिला, आणि गांवाबाहेर कर्ज काढून घर बांधणाऱ्या शिक्षकाचा अथवा कारकुनाचा कर त्याच्या कितीतरी पट झाला. ही विषमता मोडण्यासाठीं मुंबईनें २०१० पासून भाडेमूल्य सोडून घराच्या भांडवली मूल्यावर आकारणी सुरू केली. पण त्यांतील कांहीं नियम, पुढें होऊं शकणाऱ्या बांधकामाची किंमत आजच धरतात म्हणून, सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं रद्दबातल ठरविले. माप बदललें तरी तें आजच्या घराचें असावें, उद्यांच्या स्वप्नाचें नसावें, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

सुटींचा विचार करतां, कायद्यांतील सूट आणि जाहीर होणारी सूट ह्यांत भेद केला पाहिजे. केवळ सार्वजनिक पूजाअर्चेसाठीं किंवा धर्मादाय कार्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या इमारतीस सर्वसाधारण करांतून मोकळीक आहे. घर रिकामें राहिल्यास, रिकामें झाल्याची लेखी सूचना दिली असेल तर, कराचा कांहीं भाग परत मिळतो. नव्यानें हद्दींत आलेल्या गांवांवर कर टप्प्याटप्प्यानें वाढवीत नेण्याची तरतूदही पुढें करण्यांत आली. हा शेवटचा प्रकार म्हणजे जुना इस्तावाच होय. १९९२ च्या हद्दवाढींत सोलापूरभोंवतालचीं गांवें शहरांत आलीं, आणि रस्ता व नळ येण्याआधीं बिल आलें ही तेथील लोकांची तक्रार वर्षानुवर्षें ऐकूं येत राहिली. तिच्यामागें कौलाचें जुनें तत्त्व आहे हें त्यांस कोणीं सांगितलें नसेल, पण त्यांस तें अंतःकरणानें उमगलें आहे. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा ह्यांच्यासाठीं राज्य सरकारनें २०२० सालीं योजना काढली; मुंबईंत पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर २०२२ सालीं माफ झाला. ही दुसरी सूट सोलापूरच्या विडी-कामगाराच्या घरास लागू नाहीं. राजधानीच्या मापानें दिलेली सूट राजधानीपुरतीच राहिली.

ह्या सर्वांहून निराळी ती ‘अभय योजना’. कर मुदतींत न भरल्यास दरमहा दोन टक्के शास्ती बसते; वर्षाला चोवीस टक्के. अशी शास्ती सांचत सांचत मूळ कराहून मोठी होते, वसुली थांबते, आणि मग महापालिका जाहीर करते कीं अमुक तारखेपर्यंत मूळ रक्कम भरणारास शास्तींत मोठी सूट मिळेल. सोलापुरांत व राज्यांतील इतर शहरांत असल्या योजना वेळोवेळीं निघालेल्या आहेत. त्यांचें नांवच पाहा : अभय. भय कोणी घातलें, आणि तें काढून घेण्याचा अधिकार कोणाचा? हा कायद्याच्या भाषेंतला शब्द नव्हे, दरबारच्या भाषेंतला आहे.

आमच्या मतें येथें इतिहासाचें चक्र उलटें फिरलें आहे. कौलाची सूट नवें घर उभारणारास मिळे. अभयाची सूट जुनी बाकी ठेवणारास मिळते. ज्या विधवेनें शिवणकाम करून दर मार्चांत घरपट्टी भरली तिला अभय योजनेंतून एक पैसाही मिळत नाहीं. ज्यानें दहा वर्षें बिल तारेंत टोंचून ठेवलें त्याला हजारोंची मोकळीक मिळते. मुदतीपूर्वीं भरणारास कांहीं टक्के सवलत देण्याची पद्धत आहे, पण शास्तीच्या सुटीपुढें ती फिकी पडते. आणि बाकीदारांतही दोन वर्ग आहेत. एकाची आकारणीच मुळीं चुकीची होती, त्यानें तक्रारीची मुदत घालविली, आणि न पेलणारें बिल सांचत गेलें. दुसऱ्यास भरतां येत होतें, पण अभय येणार हें तो जाणून होता. योजना दोघांस एकाच पंक्तीस बसवते. पहिल्यास जो हक्क होता तो त्यास भीक म्हणून मिळतो, आणि दुसऱ्यास जें मिळूं नये तें बक्षीस म्हणून मिळतें.

पूर्वीं हें चालून गेलें, कारण जकात होती. तिच्या जागीं आलेला स्थानिक संस्था कर बहुतेक व्यापाऱ्यांपुरता १ ऑगस्ट २०१५ पासून उठला, आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तु व सेवा कर आला. आतां महापालिकेला सरकारकडून अनुदान येतें तें येतें. स्वतःचें म्हणावें असें मोठें उत्पन्न घरपट्टीचेंच. ज्या शहरानें कित्येक वर्षें पाणी कांहीं दिवसांआड घेतलें, त्या शहरांत वसूल न झालेल्या प्रत्येक रुपयाचा संबंध कोठें तरी नळाशीं जाऊन पोंचतो. वेशीवरचा न दिसणारा कर गेला. उंबऱ्यावरचा दिसणारा कर राहिला. १८५० सालीं जी निवड आपण टाळली ती आतां टाळतां येत नाहीं.

मग गृहस्थानें करावें काय? उत्तर अगदीं साधें आहे. घर विकत घेतलें किंवा वारसानें आलें तर तीन महिन्यांच्या आंत नांव लावण्याची लेखी सूचना द्यावी. नाहीं तर नोटीस जुन्या मालकाच्या नांवें फिरत राहते. आकारणीचा उतारा मागून क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वापर हे तीन रकाने स्वतः ताडून पाहावेत. शेजारच्या तशाच घराची आकारणी किती आहे हें पाहावें, कारण वाजवी भाडें सिद्ध करण्यास त्यासारखा पुरावा नाहीं. नोटीस आल्या दिवसापासून मुदत मोजावी, तक्रार लेखी द्यावी, आणि पोंच घ्यावी. वाद नसलेला कर मात्र भरून टाकावा. वादाच्या नांवाखालीं सगळाच कर अडविणें म्हणजे आपल्या तक्रारीवर आपल्याच हातानें शास्ती लावून घेणें होय. आणि महापालिकेनें पेठवार आकारणीचें पुस्तक सर्वांस सहज वाचतां येईल असें खुलें ठेवावें, तक्रारींचे निकाल कारणांसह लिहावेत, व अभयाऐवजीं चुकीच्या आकारणीची मागील वर्षांसह दुरुस्ती करून देण्याची वाट मोकळी करावी. एवढें झालें तर प्रामाणिकपणें भरणारास आपण मूर्ख ठरलों असें वाटावयाचें नाहीं.

काशीच्या लोकांनीं घरें सोडून मैदानांत धरणें धरलें, कारण त्यांस दाद मागावयास दुसरी जागा नव्हती. मुंबईच्या करदात्यांनीं १८७१ सालीं सभा भरविल्या आणि त्यांतून मतपेटी मिळविली. आपल्यास जागाही आहे, मतपेटीही आहे, आणि पंधरा दिवसांची मुदतही आहे. हीं तिन्हीं साधनें वापरावयाचीं सोडून आपण अभयाच्या तारखेची वाट पाहत बसलों, तर हक्क मागणारी प्रजा होण्यापेक्षां कौलाची आस धरणारी रयत राहणेंच आपण पसंत केलें, असा निष्कर्ष पुढच्या काळच्या इतिहासकारानें काढला तर त्यास दोष देतां यावयाचा नाहीं.